जुळलेला आकडा

"पुन्हा तेच! ड्रायव्हर जुळत नाही म्हणे!" आकडेताईंनी कपाळावर हात मारला.

इस्पितळाच्या संख्याशास्त्रज्ञ असल्यामुळे सगळे त्यांना आकडेताईच म्हणत. सकाळी त्यांचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर नवं झालं आणि बाळांच्या नोंदी ठेवणाऱ्या डेटाबेसशी त्याने बोलणंच टाकलं. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधला दुभाष्या. तो जुना, बत्तीस बिटचा. सॉफ्टवेअर आता चौसष्टचं. एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते.

आणि दुपारी बैठक. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीऐवजी आईच्या छातीशी बांधून ठेवायचा एक कक्ष इथे होता. ज्येष्ठ डॉक्टर, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, यांनी तो हट्टाने सुरू केलेला. पण गेल्या अहवालात त्या बाळांची वजनवाढ पेटीतल्या बाळांपेक्षा कमी भरली होती. आजही तसंच निघालं तर कक्षाला टाळं. मोठ्या बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या. चष्मा पुसून पुसून काच झिजायचीच बाकी होती.

"काळजी सोडा, बाई. माझ्या हाताला यश आहे," संगणक विभागातला जोडारी म्हणाला.

"आधी जोडून तर दाखव!" आकडेताई खेकसल्या.

त्याने जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला. पासवर्ड चुकला. दोघांची जुंपली. पासवर्ड पुन्हा टाकला, आणि पडदा आकड्यांनी भरून गेला! जोडारीने टेबलावर अशी थाप मारली की संगणकाचा उंदीर खाली पडून वायरीला लोंबकळू लागला.

खात्रीसाठी त्यांनी गेल्या अहवालाचाच हिशेब पुन्हा लावला. आकडा भलताच आला. कक्षातल्या बाळांची वाढ कुठच्या कुठे वर गेलेली, पेटीतल्यांची जवळपास होती तिथेच. मोठ्या बाई ताडकन उठल्या.

"हुरळू नका, बाई," आकडेताई म्हणाल्या. "नोंदी त्याच आहेत. मग आकडाही तोच यायला हवा. हा ड्रायव्हरच चुकतोय."

आकडेवाल्यांची ही खोडच. नव्या यंत्राने जुनं उत्तर दिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. मोठ्या बाई पुन्हा स्टुलावर बसल्या.

मग सुरू झाली सेटिंग्जची उलथापालथ. हे चालू कर, ते बंद कर. दर वेळी दोघं पडद्यात डोकं घालायचे आणि दर वेळी हात हलवत मागे व्हायचे. शेवटी जोडारीने अगदी तळाच्या एका चौकोनात खूण केली.

"जुळला! ताई, दशांशापर्यंत जुळला!"

दोघांनी टाळी दिली. आकडेताई आनंदाने जवळजवळ नाचल्याच. मग त्यांना मोठ्या बाईंचा उतरलेला चेहरा दिसला आणि स्वतःचीच लाज वाटली. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "खूण कशावर केलीस रे?"

"'रिकामी नोंद शून्य धरा.' जुना ड्रायव्हर न विचारताच धरत असावा."

आकडेताई पुढे सरसावल्या. त्यांनी ती खूण पुसली आणि फक्त रिकाम्या नोंदी मागवल्या. पडदाभर बाळं आली. बहुतेक सगळी छातीशी बांधलेली. महिन्याने मोजायच्या वजनवाढीचा रकाना प्रत्येकाचा कोरा. ही बाळं वाढलीच नाहीत, असं अहवाल इतके दिवस सांगत होता.

त्यांनी शेजारचा शेऱ्याचा रकाना उघडला. मग खुर्ची मागे ढकलून त्या ओरडल्याच, "बाई, ही वजनाला थांबलीच नव्हती हो! सगळी बरी होऊन आधीच घरी गेली होती!"