चार घरांपैकी एक

“‘ड’ बंद करा,” पेट्रोलपंपवाला म्हणाला. “यात विचार करण्यासारखं आहे काय? पाच म्हाताऱ्या, त्यांचं करायला दोघी, आणि रुग्णालय दोन तासांवर.”

वर्ग हसला. व्यवस्थापनाच्या शनिवारच्या या वर्गात पंपवाल्याला कधी दम निघत नसे. शेजारच्या बाकावरच्या सिस्टर मात्र हसल्या नाहीत. त्या हातातलं पान वाचत होत्या.

शेवटच्या वर्षाचा हा शेवटचा प्रकल्प. एका धर्मसंघाची वृद्ध सिस्टरांसाठी चार घरं आहेत आणि माणसं तीनच घरांना पुरतील एवढी. कोणतं घर बंद करायचं ते वीस पानांत पटवून द्यायचं. घरांची नावं खोडून तिथे अ, ब, क, ड लिहिलं होतं.

शिकवणारे सर आधी कारखाना चालवायचे, मग धर्मशास्त्राकडे वळले. त्यामुळे ते प्रार्थनासुद्धा घड्याळ लावून करत.

“नव्याण्णव मेंढरं सोडून एकाच्या मागे जाणारा मेंढपाळ या पंपवाल्यांकडे नापास होणार,” सर म्हणाले. “सिस्टर, तुम्ही सांगा. ‘ड’ वाचवायचं ना?”

“अजून वाचतेय, सर,” सिस्टर म्हणाल्या आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा तास संपत आला होता.

व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी हे काही सिस्टरांचं स्वप्न नव्हतं. चाळिशी उलटल्यावर आलेखांशी कुस्ती खेळायची हौस कोणाला असते? पण त्यांच्या धर्मसंघाच्या शाळा नि दवाखाने सांभाळायला शिकलेलं माणूस हवं होतं, आणि संघाच्या नव्या प्रमुख मदरनी यांच्याकडे बोट दाखवलं. मदर दूरच्या प्रांतातून नुकत्याच आल्या होत्या. सगळ्याजणी त्यांना कागदावरूनच माहीत. सिस्टर रडायला लागल्या तेव्हा मदर गडबडल्या आणि शब्द देऊन बसल्या, “पहिल्या वर्गात पास हो. मग तुला तुझ्या घरी परत पाठवते.”

त्या एका शब्दावर सिस्टरांनी दोन वर्षं काढली.

घर म्हणजे टेकडीवरचं घर. एकोणिसाव्या वर्षी त्या तिथे आल्या त्या चोवीस वर्षं राहिल्या. स्वयंपाकघर, कोंबड्या, जीप, गळकं छप्पर, सगळं त्यांच्याकडे. तिथल्या थोरल्या सिस्टरनी त्यांना पाव भाजायला शिकवलं, जीप चालवायला शिकवलं आणि राग आला की गप्प बसायलाही शिकवलं. तिसरी गोष्ट अजून नीट जमत नव्हती. मदर यायच्या आधीच्या हिवाळ्यात थोरल्या सिस्टर गेल्या.

वसतिगृहात सकाळी जाग आली की सिस्टरांचा हात डाव्या भिंतीवर दिव्याचं बटण शोधायचा. बटण घरी होतं, इथे नव्हतं. मग त्या तशाच पडून राहायच्या. कधी कधी घरची इतकी आठवण यायची की न्याहारी ताटात तशीच राहायची.

महिन्यातून एकदा घरून पत्र यायचं. सगळ्याजणी चार-चार ओळी लिहायच्या. “नवी मुलगी पाव भाजते. दात आहेत त्यांनीच खावा.” “तांबडी कोंबडी रुसली आहे, तुझ्यासारखीच.” आणि शेवटी ठरलेलं वाक्य: “कधी येतेस?”

सिस्टर उलट टपाली उत्तर धाडायच्या. प्रकल्प हातात पडल्यावर मात्र महिनाभर त्यांनी उत्तरच लिहिलं नाही. अभ्यास डोक्यावर होता.

आधी त्यांनी ‘ब’ बंद करायचं ठरवलं. अकरा पानं लिहून झाली. मुद्देही बिनतोड होते, सरांनी डोळे झाकून चांगले गुण दिले असते. रविवारी प्रार्थनेहून आल्यावर त्यांनी ती अकरा पानं फाडली आणि कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं: “‘ड’ बंद करावं.”

वीस पानं झाली. पाचजणींना ‘अ’ घरात हलवावं, कारण रुग्णालय रस्त्याच्या पलीकडेच आहे. पाचजणींची ताटातूट करू नये. खाटा एकाच दालनात शेजारी-शेजारी असाव्यात. हलवण्याआधी प्रत्येकीशी वेगळं बसून बोलावं.

सरांनी समासात लिहिलं, “एकाच दालनाचा एवढा आग्रह कशासाठी?” आणि शेवटच्या पानावर, “उत्कृष्ट. कुठेही भावनेच्या आहारी गेलेल्या नाहीत.” वर्गात सर्वांत जास्त गुण सिस्टरांना पडले.

“शेवटी माझीच री ओढलीत की,” पंपवाला खूश होऊन म्हणाला.

निकालानंतर आठवड्याने मदरनी बोलावलं. सिस्टर खोलीत आल्या तेव्हा टेबलावर तीच वीस पानं होती. मदरनी त्यांना बसवलं आणि स्वतः मात्र खिडकीशी उभ्या राहिल्या.

“तुला दिलेला शब्द माझ्या लक्षात आहे,” मदर म्हणाल्या. “तो आता मला पाळता येणार नाही. सरांना प्रकल्पासाठी ती सगळी माहिती मीच दिली होती. संघाच्या मंडळात दोन वर्षं नुसते वाद चालले होते. म्हटलं, ज्याला यातलं काही माहीत नाही अशा कोणाला तरी विचारावं. नावं मी माझ्या हाताने खोडली.”

सिस्टरांनी पानं पुढे ओढली.

“मंडळाने तुझाच अहवाल मान्य केला. शब्द न् शब्द. ‘ड’ म्हणजे टेकडीवरचं घर, सिस्टर. पुढच्या महिन्यात कुलूप लागेल.” मदरचा आवाज खाली आला. “मला माफ कर. तुला कळलं असतं तर तू हे लिहिलं नसतंस.”

सिस्टरांनी पानं जुळवून नीट ठेवली.

“पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, मदर,” त्या म्हणाल्या. “फक्त तुम्ही रुग्णालय दोन तासांवर लिहिलंय, ते तेवढं नाही. एक तास पन्नास मिनिटं लागतात. थोरल्या सिस्टरनी वाटेत प्राण सोडला तेव्हा जीप मीच चालवत होते.”