बंद पाकीट

शीतलनं पाकीट पुढं केलं आणि प्रभावती सिस्टरनं हातातलं रजिस्टर खाली ठेवलं. पाकिटावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, राजीनामा.

पाच वर्षांत हाताखाली तयार झालेली पोरगी. तान्ह्या लेकराला एका सुईत सलाइन लावणारी. ही गेली तर बाळंतिणींचा वॉर्ड कुणाच्या जिवावर चालवायचा?

"थकले, सिस्टर," शीतल खाली बघत म्हणाली. "आता होत न्हाई."

प्रभावतीनं पाकीट तसंच एप्रनच्या खिशात घातलं. उघडलेला अर्ज त्याच दिवशी रजिस्टरला चढवून मोठ्या डॉक्टरांकडं पाठवायचा, ही इनचार्ज म्हणून तिचीच शिस्त. अख्खा स्टाफ त्या शिस्तीला टरकून असे. मग उघडायचंच नाही, तिनं ठरवलं.

मागच्या महिन्यात जालन्याहून एक बाई आल्या होत्या, दमल्याभागल्या नर्सांना श्वासावर ध्यान ठेवायला शिकवायला. सगळ्या बसल्या, प्रभावती तेवढी बसली नाही. बसणार तरी कधी? ती डबासुद्धा उभ्यानंच खायची. सहा वर्षांत तिनं रजा घेतली नव्हती. हल्ली हात थरथरायचा, म्हणून इंजेक्शन भरायचं काम शीतलकडं सरकवायची. कालच एका बाळंतिणीच्या आईवर उगाच खेकसली आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडली. पण ते सगळं वयाचं, असं म्हणून तिनं विषय मिटवला होता.

"ते श्वासाचं रोज करून तर बघ," ती शीतलला म्हणाली. "एकवीस दिवस. मंग जा खुशाल."

"तुम्ही समोर बसलात तर बसते."

प्रभावतीनं पदर खोचला. पोरीला जाऊ द्यायचं नाही म्हणजे नाही!

रोज दुपारी दोनला, पाळी बदलताना, आळीपाळीनं दोन नर्सा वॉर्डात थांबायच्या आणि प्रभावती-शीतलसकट बाकीच्या चटईवर बसायच्या. प्रभावतीचं ध्यान कसलं श्वासावर? एक डोळा उघडून ती शीतलकडं बघायची. चौथ्या दिवशी शिपाई अंगदनं दार वाजवलं, तशी ती उठायला लागली.

"आम्ही हाव ना," शीतल डोळे मिटूनच म्हणाली. "बसा तुम्ही."

आठव्या दिवशी प्रभावतीला बसल्या बसल्या झोप लागली आणि एकीनंही उठवलं नाही. जाग आल्यावर तिनं सगळ्यांची खरडपट्टी काढली. बाराव्या दिवशी तिनं डबा बसून खाल्ला. पंधराव्या दिवशी इंजेक्शन स्वतः भरलं, हात हलला नाही. या वेळच्या सुया बऱ्या आल्यात, असं तिला वाटलं. शीतलनं इथंच मंठ्यात, दवाखान्याजवळ नवी खोली भाड्यानं केल्याचं कळलं, तेव्हा तर ती मनोमन हरखली. पोरीचं मन वळून राह्यलं बिलकुल!

एकविसाव्या दिवशी शीतल समोर उभी राहिली. मागं दारात बाकीच्या सगळ्या जणी होत्या.

"मी कुठंच जात न्हाई, सिस्टर."

प्रभावतीचे डोळे भरून आले. जिंकले गं बाई, म्हणत तिनं खिशातलं चुरगाळलेलं पाकीट काढलं. आता भीती कसली? फाडून टाकण्याआधी एकदा वाचावं म्हणून तिनं ते उघडलं.

आतल्या कागदावर वॉर्डातल्या सातही नर्सांच्या सह्या होत्या. वर एकच ओळ होती.

'विषय : प्रभावती सिस्टर यांना रोज दहा मिनिटं खाली बसवण्याबाबत.'