अर्धा सेंटिमीटर

खिशातल्या चाकूचं पातं सात सेंटिमीटरच्या वर भरलं की जप्ती, असा त्या शहराचा कायदा होता आणि पुलाच्या चौकीवरच्या हवालदाराची पट्टी कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे. कलमं बांधणाऱ्या बाईच्या पिशवीतला चाकू त्याने मुठीवरूनच ओळखला. तांब्याची तार गुंडाळलेली तीच मूठ! सहा वर्षांपूर्वी याच चाकूपायी त्याने तिच्या वडिलांना इथेच अडवलं होतं. पातं अर्धा सेंटिमीटर जास्त भरलं होतं. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या केसांकडे बघून त्याने जप्ती टाळली, पण दम भरला होता, "पुन्हा हा रोपवाटिकेबाहेर दिसला, तर गेला म्हणून समजा."

"आता बऱ्या सापडलात," म्हणत त्याने पातं उघडून पट्टीला लावलं. बाई निवांत उभी होती. बरोब्बर सात. त्याने चष्मा पुसून पुन्हा मोजलं. केसभरही पुढे नाही.

"कापून आणलंत होय?"

"छे हो! तुम्ही सांगितलंत तसा तो फाटकाच्या आतच राबला. रोज कलमं बांधायची, रोज दगडावर धार लावायची. आणि दर महिन्याला बाबा पट्टी घेऊन बसायचे."

हवालदाराने चाकू मिटून तिच्या हातात ठेवला. "मग आज मिरवायला ते स्वतः नाही आले?"

"ते गेले तेव्हा एक मिलिमीटर जास्त होतं," बाई म्हणाली. "तेवढं मी घासलं."