न धुतलेले हात

धर्माबादच्या मिरचीच्या गोदामात साखराबाई सकाळभर देठ खुडायची आणि दुपारी गोदामाची मालकीण पुनम हिच्या बंगल्यातल्या हौदावर माशांना खायला घालायची. हैदराबादहून आणलेले, हातभर लांबीचे नारंगी कोई मासे होते ते. पुनमची ताकीद एकच असायची, "मावशी, आधी साबणानं हात धुवा, मगच दाणे टाका."

त्या दुपारी साखराबाई विसरली.

तिखटाचे हात पाण्यावर धरल्यावर तिला आठवलं. आता मासे दूर पळतील, असं तिला वाटलं. ते उलट धावून आले. दाण्यांना शिवलेसुद्धा नाहीत. एकमेकांचे कल्ले फाडत ते पाण्यात पडलेल्या तिच्या हाताच्या प्रतिबिंबावर तुटून पडले.

"मुडदा बशिवला तुमचा!" म्हणत तिनं हात मागं ओढला. हात कोरडा होता, पाचही बोटं जागेवर होती. पाण्यातल्या हाताला मात्र दोनच उरली होती.

ती दचकून उभी राहिली. पाण्यातली साखराबाई उठली नाही. वाकल्या जागीच तिनं आपणहून दुसरा हात पुढं केला. मनगटाचं हाड उघडं पडलं तरी मासे लचके तोडत राहिले, आणि ती शांतपणे वर, साखराबाईकडं बघत राहिली.

"मावशी, हात धुतले ना?" घरातून पुनमनं विचारलं.

साखराबाईनं ओरडायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

उत्तर हौदातून आलं, तिच्याच आवाजात.

"धुवायला हात न्हाईत की आता, बाई."