सपाट दगड

झाडांवर रंगवलेल्या पिवळ्या खुणांच्या मागोमाग गुरुदत्त आणि उत्तरा रानातल्या ओसाड गावात पोचले. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर पेनसिल्व्हेनियाचं जंगल घरांच्या जोत्यांवर चढलं होतं. शेवाळलेला सपाट दगड दिसताच तो म्हणाला, "बघ, ओटाच बांधून ठेवलाय आपल्यासाठी!" त्यावरच डबे उघडून दोघं पोटभर जेवली. उत्तरानं हातावर पाणी घातलं. त्यानं वांग्याच्या रश्शानं माखलेला खरकटा हात दगडावरच धुतला. शेवाळ सुटून अक्षरं दिसली: नाव आणि मृत्यूचं साल, १९१३. सत्तर वर्षांपूर्वीचं. मागं एक म्हातारी शेवंतीची कुंडी घेऊन उभी होती, त्यांचं जेवण उरकायची वाट पाहत. "सॉरी..." म्हणत गुरुदत्त चटकन उठला. "थँक्यू," ती म्हणाली, "वडिलांचा दगड धुतलात. मला हल्ली वाकवत नाही." तिनं त्याचा हात हातात घेतला. बोटांना अजून रश्शाचा वास होता.