कपाचं घर

परसातल्या निरगुडीच्या कुडाची वीण इतकी घट्ट होती, की फटीतून पेन्सिल जात नव्हती. एकाच ठिकाणी आठ सेंटिमीटरचं भोक होतं. “मालनबाई, इथं फांदी घालायची राहिली,” मी म्हणाले. “राहिली न्हाई मास्तरीनबाई, सोडली.” बौद्धवाड्यातून दरवर्षी कूड विणायला येणाऱ्या मालनबाईंनी त्यांच्यासाठी बाहेर ठेवलेला, कान तुटलेला कप उचलून भोकात बसवला. तो नेमका मावला. “कपाला घर केलं बगा. आता कुत्रं तोंड घालायचं न्हाई,” त्या हसल्या. त्यांच्या या वेगळ्या कपात मी तीन वर्षं वरून चहा ओतत होते आणि शाळेत रक्तगट शिकवत होते. तो फेकायचं लग्नाच्या महिन्यातच ठरवलं होतं. सासूबाईंपुढे धीर झाला नव्हता. मालनबाईंकडे न बघता कप काढून मी आत सासूबाईंना हाक मारली, “आत्याबाई, आजपासून मालनबाई आपल्या घरातल्या कपात चहा पितील. ओट्यावर, माझ्याशेजारी.”