पंख्याचे आभार

रोज कुणाचे तरी आभार वहीत लिहायचे, मन शांत राहतं, असं ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये सांगितलं. चिंचपोकळीच्या प्रफुल्लने पहिल्या दिवशी पंख्याचे आभार मानले आणि सकाळी पंखा जळाला. मग मिक्सरचे मानले, तोही गेला. शेजारच्या काकांचे मानले, ते जिन्यावरून घसरले. तेव्हापासून प्रफुल्ल फक्त ऑफिसातल्या साहेबांचे आभार मानू लागला, तेही अगदी मनापासून, पानभर. आईचं नाव मात्र त्याने वहीच्या आसपासही फिरकू दिलं नाही.

एक दिवस आईने वही वाचली आणि गावी जायला बॅग भरली.

"साहेबांचे पानभर आभार, आणि मी कुठेच नाय रे?"

परळच्या एसटी डेपोत प्रफुल्लने सगळं खरं सांगून टाकलं. "तुला काही होऊ नये म्हणून नाही लिहिलं गं!"

आई डोळे पुसत हसली. "येडा रे येडा! लिहायला घाबरलास, समजलं. पण तोंडाने म्हणायला काय झालं होतं?"

एसटी सुटेपर्यंत प्रफुल्लने दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा "पोचलीस की फोन कर" एवढंच बाहेर आलं.